कुरडयांचा डबा आणि उपस्थितांची यादी

“सर, तुम्ही लिहिलेला एक तरी पिक्चर कुठल्या टॉकीजला लागला आहे का?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या वर्गातल्या हर्षाचा आणि मोनालीचा होता, तोंड तेवढं माझं होतं. विचारलास तर शाळेसमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे, नाही विचारलास तर वर्षभर ‘भित्री’ म्हणू, असा सौदा मधल्या सुट्टीत ठरला होता. ज्यांना विचारायचा ते मिहिर सर नागपूरहून ‘पटकथेला विषय कुठून मिळतात’ यावर बोलायला आमच्या शाळेत आले होते. तासभर बोलून ते दमले होते आणि तासभर ऐकून दहावी ‘ब’.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, “नाही लागला. तीन लिहिले. तिन्ही कपाटात आहेत.”

एवढ्यावर मी खाली बसायला हवं होतं. पण सगळे हसले, आणि माझ्या बोलण्यावर लोक हसले की हल्ली माझे गुडघे वाकत नाहीत. “मग विषय कुठून मिळतात हे तुम्हाला कसं माहीत?” असं मी पुढे विचारलं. हा प्रश्न मात्र माझा स्वतःचा होता. त्याचे वेगळे पोहे मिळाले नाहीत.

“नाव काय तुझं?” सरांनी विचारलं.

“वेदश्री पांढरीपांडे.”

“घरी पेपर येतो?”

“येतो.”

“मग ऐक. आतल्या पानावर, अगदी तळाशी, चार ओळींची एक बातमी असते. ती कोणी वाचत नाही. पिक्चर तिथं असतो. पंधरा दिवसांत ती शोध, दहा पानं लिही आणि सोबत कात्रण जोड. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला पाच दिवसांची कार्यशाळा आहे. तुमच्या जिल्ह्यातून एकच जागा आहे. जमलं तर ती तुझी. अट एकच, बातमी खरी पाहिजे.”

मुख्याध्यापिकाबाईंनी हे ताबडतोब वहीत लिहून घेतलं. आमच्या बाईंनी वहीत लिहिलं की ते काम झालंच असं शाळेत धरलं जातं. संध्याकाळपर्यंत वर्ध्यातल्या आमच्या अख्ख्या नालवाडीला कळलं होतं की पांढरीपांड्यांची मुलगी पिक्चर लिहिते आहे. त्यातल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं, “दहावीचं वर्ष आहे ना पण?” उरलेल्या निम्म्यांनी हेच आईला विचारलं.

आमच्या घरी ‘दैनिक धामकाठ’ येतो. म्हणजे तो शेजारच्या सुमित्राकाकूंकडे येतो आणि त्यांचा वाचून झाला की आमच्याकडे येतो. बिल आमच्या नावावर असल्यामुळे बाबा त्याला ‘आपला पेपर’ म्हणतात. मी आठ दिवस रोज तो तळाकडून वर वाचला. सोमवारी सेलूकडे बिबट्या दिसला. मंगळवारी तो बिबट्या नव्हता. बुधवारी एका कार्यकर्त्याचा वाढदिवस उत्साहात पार पडला, गुरुवारी दुसऱ्याचा, शुक्रवारी पहिल्याच्या मुलाचा. रोहित्र जळालं, रोहित्र बसवलं, रोहित्र पुन्हा जळालं. यातून पिक्चर निघत असेलही, पण तो पाहायला विजेशिवाय कोण बसणार?

सल्ले मात्र भरपूर मिळाले. सुमित्राकाकू पेपर परत द्यायला आल्या की दारातच टेकायच्या. “पिक्चरात सासू पायजे वं. सासू नाई तर कोन पाह्यते? माही सासू घे. तिचे पाच पिक्चर निघन.”

समोरचे अभिरामकाका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं मत वेगळं होतं. “विषय कुठलाही घे, शेवटी संदेश हवा. पाणीबचतीचा घे. प्रत्येक प्रसंगात कोणीतरी नळ बंद करताना दाखव.”

मी दोघांनाही ‘हो’ म्हणाले. आठ दिवस ‘हो’ म्हणण्यानेसुद्धा माणूस दमतो हे मला पंधराव्या वर्षीच कळलं.

नवव्या दिवशी बातमी सापडली. सातव्या पानावर, अगदी तळाशी, कूपनलिकेच्या जाहिरातीखाली.

‘कारंजा (घाडगे) : महामार्गावरील एका ढाब्यावर तीन आठवड्यांपूर्वी अज्ञात प्रवासी स्टीलचा डबा विसरून गेला. डब्यात कुरडया आहेत. खूण पटवून डबा न्यावा, असे आवाहन ढाबाचालक सेवा समितीचे सचिव नत्थूजी यांनी केले आहे.’ खाली फोन नंबर.

मी ही बातमी सुमित्राकाकूंना वाचून दाखवली. त्यांनी क्षणभर विचार केला. “माय लेकीसाठी घेऊन जाऊन राह्यली असन. सासूसाठी कोनी कुरडया नेत नाई.”

मला हे फारच साधं वाटलं. माझ्या मनात तोपर्यंत डब्याचा तळ दुहेरी झाला होता आणि खालच्या कप्प्यात नकाशा होता. तरी लेखकानं माहिती काढावी म्हणून मी आईच्या मोबाइलवरून फोन लावला.

नत्थूजी पंचवीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक लिपिक होते. ते निवृत्त झाले, त्यांच्यातलं रजिस्टर झालं नाही, हे मला नंतर समजलं. त्या वेळी फक्त एक गंभीर आवाज ऐकू आला.

“मी वर्ध्याहून बोलतेय. मला त्या कुरडयांच्या डब्याबद्दल माहिती हवी आहे.”

“नाव.”

“वेदश्री.”

“पूर्ण सांगा. आता मायचंबी नाव लावा लागते.”

“वेदश्री लीना अच्युत पांढरीपांडे.”

तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

“मायचं नाव लीना?”

“हो.”

“रविवारी अकरा वाजता येजो बेटा. वडलाले घेऊन येजो. शाळेचं ओळखपत्र आनजो. काई काळजी करू नको, डबा सुखरूप हाय.”

कारंज्यात लेखकांना इतका मान आहे हे पाहून मी भारावून गेले. फोन ठेवल्यावर मी आरशात एकदा स्वतःकडे पाहिलंसुद्धा.

बाबा एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. आठवडाभर ते फायलींकडे पाहतात आणि रविवारी छताकडे. “रविवार आहे,” एवढंच ते म्हणाले, पण आले. वर्धा ते आर्वी दीड तास, त्यातला एक तास उभं राहून. आर्वीला गाडी बदलायची. दुसऱ्या गाडीत बसायला मिळालं, पण खिडकी बंद होत नव्हती, त्यामुळे अर्धा रस्ता आमच्या अंगावर आला. बाबांनी रुमालानं तोंड पुसलं, रुमालाकडे पाहिलं आणि तो तसाच घडी करून खिशात ठेवला. “कुरडयांसाठी,” ते स्वतःशीच म्हणाले.

ढाब्यासमोर उतरलो तर तिथं लाल खुर्च्यांच्या तीन रांगा. टेबलावर चादर, त्यावर शाल, नारळ आणि मधोमध स्टीलचा डबा. डब्याला हार घातला होता.

“कोणाचा कार्यक्रम आहे?” बाबांनी विचारलं.

“तुमचाच,” असं म्हणत ढाब्याचे मालक लहानूभाऊ पुढे आले. ते समितीचे अध्यक्षही होते. समितीची निवडणूक पुढच्या महिन्यात होती, हेही त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. “तीन हप्ते सांभाळला साहेब मी हा डबा. दुसरा कोनी असता तर कुरडया खाऊन मोकळा झाला असता.”

मी डब्यात डोकावले. तळाशी दहा-बारा कुरडया होत्या.

“खराब झाल्या का म्हनून तळून पाह्यल्या मधेमधे,” लहानूभाऊ म्हणाले. “नाई झाल्या.”

“अहो, पण हा डबा आमचा नाही,” बाबा म्हणाले. “मुलीला फक्त माहिती हवी आहे. ती पिक्चर लिहिते आहे.”

नत्थूजींनी माझं ओळखपत्र हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि डब्याचं झाकण आमच्याकडे वळवलं. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव कोरतात तसं त्यावर कोरलेलं होतं : लीना. त्याखाली, १२ मे.

“खूण आमी पेपरात छापलीच नोती. मुद्दाम,” नत्थूजी म्हणाले. “डब्यावर लीना, ओळखपत्रावर लीना.”

“लीना नावाच्या पुष्कळ बाया असतील.”

“कारंज्यात एकबी नाई. मी रेशनची यादी पाह्यली. बरं, तुमी सांगा साहेब, तुमच्या लग्नाची तारीख काय?”

हा प्रश्न बाबांना अपेक्षित नव्हता. ते म्हणाले, “मे महिना.” मग आकाशाकडे पाहून म्हणाले, “अकरा.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “का बारा?”

नत्थूजींनी पेन खाली ठेवलं. “झालं. खोटा मानूस तारीख पाठ करून आला असता. ज्याले आठवत नाई थोच खरा नवरा.”

खुर्च्यांवरच्या तिघाचौघांनी माना हलवल्या. एकानं आपली तारीख आठवून पाहिली, त्याला आली नाही, तेव्हा तोही आमच्या बाजूचा झाला.

“हे पाहा, मी लेखी देतो की हा डबा आमचा नाही,” बाबा म्हणाले. बाबांच्या दृष्टीनं याहून मोठा पुरावा जगात नाही. पण तेवढ्यात तानबाजी मधे आले. तानबाजी म्हणजे धामकाठचे तिथले वार्ताहर. खिशाला तीन पेनं, हातात मोबाइल.

“आता नाई म्हनू नका साहेब. बातमी सकाळीच गेली. फक्त फोटो बाकी हाय.”

“कार्यक्रमाच्या आधी बातमी कशी जाते?” मी विचारलं.

“आधीच जाते. पान दुपारी लागते ना. तीस वर्षं करून राह्यलो हे काम. माह्या बातमीबाहेर आजवर एकबी कार्यक्रम गेला नाई.” त्यांनी मोबाइलवरून वाचून दाखवलं. “‘आईच्या लग्नातील डबा स्वीकारताना कुमारी वेदश्रीचे डोळे पाणावले.’”

“माझे डोळे पाणावलेले नाहीत.”

“पानावन,” तानबाजी शांतपणे म्हणाले. “धूळ हाय इथं.”

मग उपस्थितांची नावं घेणं सुरू झालं. वृत्तांत कितीही लहान असो, शेवटी ‘यावेळी अमुक, तमुक आदी उपस्थित होते’ हे वाक्य येतंच आणि लोक कार्यक्रमाला त्या वाक्यासाठी येतात. चहा प्यायला थांबलेल्या एका ट्रकवाल्यानंही आपलं नाव दिलं. तो राजस्थानला चालला होता, त्याला हा पेपर कधी दिसणार नव्हता, तरी दिलं. आणि आमचे बाबा, जे पाच मिनिटांपूर्वी हा कार्यक्रमच रद्द करा म्हणत होते, तेही तानबाजींच्या खांद्यावरून वाकून सांगताना मी ऐकले, “पांढरीपांडे. री दीर्घ. वरिष्ठ लिपिक लिहिलंत तरी चालेल.”

मला दोष द्यायचा तर आता द्या. लहानूभाऊंनी डबा माझ्या हातात ठेवला, शाल खांद्यावर आली, तानबाजींनी मोबाइल उचलला आणि म्हणाले, “हास जो बेटी.” आणि मी हसले. कोणी दटावलं नव्हतं. डबा टेबलावर परत ठेवता आला असता. पण कोणीतरी आपला फोटो काढतंय आणि तो पेपरात येणार आहे, हे कळल्यावर माझा चेहरा माझ्याकडे राहिला नाही. पुढची सगळी भानगड त्या हसण्याची आहे.

परतीच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन मी मनातल्या मनात पटकथेचं पहिलं पान लिहिलं. बाबा झोपले. त्यांच्या खांद्यावर शाल होती, कारण मला उकडत होतं.

घरी आईनं डबा पाहिला. ती शाळेत गणित शिकवते, तिला आकडे आधी दिसतात.

“बारा मे? आपलं लग्न अकरा मेला झालं.”

बाबांनी शालीची घडी घालायला घेतली.

“हे तिथं सांगितलं नाही का?”

“समितीचं समाधान झालं,” बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आईनं स्वयंपाक केला, वाढला, पण शब्द एकही वाढला नाही.

सोमवारी बातमी आली. चार ओळी नाहीत, पाव पान. ‘लग्नातील डबा अखेर लेकीच्या हाती, ढाबाचालकाच्या प्रामाणिकपणाचे कौतुक’. फोटोत मी सगळे दात दाखवून हसत होते आणि त्याखाली लिहिलं होतं की माझे डोळे पाणावले आहेत. उपस्थितांच्या यादीत लहानूभाऊ होते, नत्थूजी होते, राजस्थानला गेलेला ट्रकवाला होता. बाबांनी ती यादी दोनदा वाचली. शेवटी म्हणाले, “मी आदी आहे.”

सुमित्राकाकू पेढे घेऊन आल्या आणि त्यांनी उरलेल्या कुरडया तळायला लावल्या. “आता तुमचाच हाय ना डबा. पेपरात आलं.” आदी असण्याचं दुःख बाबांनी वरणभात आणि सहा कुरडयांनी भरून काढलं. मीही दोन खाल्ल्या. छान झाल्या होत्या, मीठ किंचित पुढे होतं.

शाळेत माझं कात्रण फलकावर लागलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते मिहिर सरांना पाठवलं आणि सरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी जान होती. “तू बातमी शोधायला गेलीस आणि स्वतःच बातमी झालीस. हे कोणी केलं नव्हतं. दहा पानं नंतर दे. शुक्रवारी नावं पक्की होतात, तुझं नाव धरतो.” हर्षा आणि मोनालीनं निमूटपणे दुसऱ्यांदा पोहे खाऊ घातले. मी दोन दिवस फार सुखात होते. एक विचार अधूनमधून यायचा, पण तो आला की मी फलकासमोरून जाऊन यायची.

बुधवारी शाळेतून आले तेव्हा आईचा फोन वाजत होता. नंबर अनोळखी होता. पलीकडे एक बाई होत्या, आवाज थकलेला.

“वेदश्री तूच का बेटा? मी मोहिनीताई, आर्वीहून. पेपरवाल्या भाऊनं नंबर देला. थो तुह्या हातातला डबा माह्या लेकीचा व्हय. लीनाचा. बारा मेले लग्न झालं तिचं, कोंढाळीले देली.”

मी खुर्चीत बसले.

“कारंज्यात गाडी बदलली, तवा ढाब्यावर चहा घेतला अन् डबा तिथंच राह्यला. मले वाटलं गाडीत राह्यला. गाडीतच विचारत बसलो आम्ही.” त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही रागावले असते. “मी कोंढाळीले रिकाम्या हातानं पोचली. विहीणबाईले सांगतलं का डबा इसरला. त्यायनं आयकून घेतलं. आता तुह्या फोटोचं कात्रण जावयाच्या मोबाइलवर आलं, तर विहीणबाई म्हनते, हा तर वर्ध्याच्या लोकायचा डबा हाय, पेपरात आलं. तुमी कुरडया केल्याच नोत्या. लीनाले रोज आयकवून राह्यल्या.”

“मी डबा लगेच परत देते, काकू.”

“डब्याचं काई नाई बेटा. डबा माह्या सांगन्यानं माहा होत नाई ना आता. पेपरात तुमचा आला.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “कुरडया खाल्ल्या का तुमी? मीठ जास्त तर नाई झालं?”

मी म्हणाले, “चांगल्या होत्या.” आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की डबा हातात आल्यापासून मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

गुरुवारी मी शाळेत गेले नाही. घसा दुखतो म्हणाले आणि घसा दुखेपर्यंत फोन केले.

आधी नत्थूजींना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “नोंद बंद झाली बेटा. ‘मूळ मालकास अदा’ असा शेरा हाय. लाल शाईत.”

“मग तो खोडता येत नाही का?”

“लाल शाई?” त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग तानबाजींना. म्हटलं, एक खुलासा छापा, चारच ओळींचा. ते म्हणाले, “खुलासा आमी छापत नाई. लहानूभाऊची निवडणूक हाय. माहे तीस वर्ष हाय. पन कार्यक्रम असला तर बातमी येते. डबा परतीचा कार्यक्रम ठेवा, पाहुने ठेवा, मजकूर पाठवून द्या. मूळ मालकीन भेटली, लहानूभाऊचा प्रामानिकपना दुप्पट झाला, असं काईतरी. जे होनार हाय थे आधी लिहून द्या म्हनजे झालं.”

शेवटी मिहिर सरांना. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

“खुलासा आला तर कात्रण खोटं ठरतं,” ते म्हणाले. “अट मी ठेवली नाही, कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेची आहे. नाव उद्या पक्कं होतं. कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवलास तर कोणाचं काही अडत नाही.”

“मोहिनीताईंच्या लीनाचं अडतं.”

“हं,” ते म्हणाले. “मला विचारू नकोस, वेदश्री. मी ठरवलेलं सगळं कपाटात पडून आहे.”

दुपारी सल्ले आले, न मागता. अभिरामकाका म्हणाले, “चार दिवसांत लोक विसरतात. नागपूर सोडू नकोस. त्या बाईंना पाणीबचतीसारखं काहीतरी समजावून सांग.” सुमित्राकाकू जरा जास्त वेळ दारात टेकल्या. “मी म्हटलं होतं ना, माय लेकीसाठी घेऊन जाऊन राह्यली असन. कोनी आयकलं नाई.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “माह्या मायचंबी एकदा असंच झालं होतं. लाडूचं. माही सासू मरेपर्यंत म्हने, आनलेच नोते.” आणि पेपर न देताच निघून गेल्या.

मी वहीची पानं काढली. दहा लिहायची होती. पाऊण पानच भरलं, पण पहिल्यांदाच लिहिताना मधे नकाशा किंवा दुहेरी तळ आला नाही. ‘आर्वी : येथील मोहिनीताई यांनी लेक लीना हिच्यासाठी केलेल्या कुरडयांचा डबा चुकीने वर्ध्याच्या कुमारी वेदश्री हिला देण्यात आला होता. डबा आपला नाही हे माहीत असूनही कुमारी वेदश्री फोटोत हसली.’ हे दुसरं वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. ऑफिसात दिवसभर त्यांना कोणीतरी ‘आदी साहेब’ म्हणालं होतं, हे त्यांच्या चपला काढण्यावरूनच कळलं. आई वह्या तपासत होती. रविवारपासून ती बाबांशी फक्त भाजीपुरतं बोलत होती. दोघांच्या मधे, टीपॉयवर, रिकामा डबा होता. मी त्याच्या शेजारी माझं पान ठेवलं आणि उभी राहिले. गुडघे वाकत नव्हते, पण या वेळी कोणी हसतही नव्हतं.

“आई, बाबा, मी ठरवलं आहे,” मी म्हणाले. “मिहिर सरांना आत्ता फोन करून सांगते की माझं कात्रण खोटं आहे, जागा दुसऱ्या कोणाला द्या. रविवारी आर्वीला मोहिनीताईंच्या दारात डबा परतीचा कार्यक्रम आहे. आई, तू तुझ्या उन्हाळ्यातल्या कुरडया डब्यात भरून देशील, आणि हळदीकुंकवाला कोंढाळीच्या विहीणबाईंच्या शेजारी बसशील. बाबा, तुम्ही आईच्या समोर उभं राहून अकरा मे असं मोठ्यानं म्हणाल. तानबाजींना बातमी आज रात्रीच जाते, ही पाहा, मी लिहिली आहे, त्यामुळे आता कार्यक्रम तिच्याबाहेर जाऊ शकत नाही. आणि उपस्थितांची यादी या वेळी मी केली आहे. विहीणबाईंचं नाव छापून येणार म्हटल्यावर त्या येतीलच. पहिलं नाव श्री. अच्युत पांढरीपांडे, री दीर्घ, वरिष्ठ लिपिक. सगळ्यांची पूर्ण नावं आहेत. आदी कोणीच नाही.”